"आक्का, तू जरा भाईर थांब"

हे लिहिण्याआधी भावाला विचारलं. त्यानं सगळं वाचलं, दोन परिच्छेद काढायला लावले आणि म्हणाला, "गावाचं नाव नको, बाकी लिही." म्हणून गाव सांगत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जंगलाच्या अंगाला आहे, एवढं पुरे. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भावाच्या मानसिक आजारानं आमच्यावर वेळ आली तेव्हा मी रात्ररात्र फोनवर शोधत होते: अशा माणसाला कुठं न्यायचं, सही कोण करतं, पैसे किती लागतात. पुण्या-मुंबईचं बरंच सापडलं. पण घरात मराठी आणि दवाखान्याचा कागद कानडीत, अशा आपल्या भागातल्या माणसानं लिहिलेलं मला काही मिळालं नाही. म्हणून तारखांसकट लिहितेय. त्या दिवसांत मी एक वही ठेवली होती, ती समोर आहे.

भाऊ २८ वर्षांचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला आहे. आठवडाभर बेळगावात खोलीवर राहतो, शनिवारी संध्याकाळी गावी येतो. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, मराठी शाळेत शिक्षिका. २०२४ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. तो चार दिवस आधीच आला आणि आरास करायला बसला. रात्री दोनला झोपायचा, पाचला उठून परत कामाला. घर रंगवलं, गोठा रंगवला, शेजाऱ्यांचं तुळशीवृंदावनही रंगवलं. बोलणं इतकं भरभर की आईला अर्धं कळायचंच नाही. बावीस हजारांची साउंड सिस्टीम हप्त्यानं उचलून आणली. लोक म्हणायचे, "पोरगं काय राबतंय बघा." आदल्या पावसाळ्यात तो फार मलूल होता, त्यामुळं आम्हाला हा उत्साह बघून बरंच वाटलं. हे मी मुद्दाम लिहितेय. आजार घरात शिरला तेव्हा आम्ही त्याचं कौतुक करत होतो.

१७ तारखेला विसर्जन. बेळगावची मिरवणूक रात्रभर चालते, तो त्यात नाचला आणि तसाच सकाळी कामावर गेला. त्या आठवड्यात सुपरवायझरशी भांडण झालं. शनिवारी, २१ ला, तो बॅग घेऊन घरी आला, काम सोडलं म्हणाला. आता झोप जवळजवळ बंद झाली होती. "मला झोप येईना गे आक्का, पण लागत बी नाही," असं हसत सांगायचा. पितृपक्ष चालू होता. पितरांचं काहीतरी राहिलंय असं चुलत्यांनी काढलं आणि सोमवारी त्याला देवर्षीकडं नेलं. नारळ, कोंबडं, गाडीभाडं धरून ४,३०० रुपये गेले. त्याबद्दल मी घरातल्या कोणाला बोल लावत नाही. जे माहीत होतं ते त्यांनी केलं. आठ दिवस मात्र त्यात गेले.

दार उघडलं ते आमच्या आशाताईंनी. पोलिओच्या यादीसाठी आल्या होत्या. भावाकडं दहा मिनिटं बघून मला मागच्या दारी बोलावलं आणि म्हणाल्या, "मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर येतात. न्या की." कर्नाटकात सरकारचा 'मनोचैतन्य' म्हणून कार्यक्रम आहे, त्यात तालुका दवाखान्यांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तपासतात. मी बारा वर्षं त्याच दवाखान्यासमोरच्या स्टॉपवर बस धरतेय, मला हे ठाऊक नव्हतं.

भाऊ यायला तयार नव्हता. "मला काय झालंय?" एवढंच. म्हणून १ ऑक्टोबरला, मंगळवारी, शाळेतून अर्धी रजा टाकून मी एकटीच गेले. असं जाता येतं का याची शंका होती, पण जाता येतं, आणि माझं सांगणं आहे की जा. माझ्या आधी चौदा जण होते, पाऊण वाजता नंबर लागला. रुग्णाला न बघता औषध देता येणार नाही हे डॉक्टरांनी पहिल्यांदाच सांगितलं. गावातल्या कोणीतरी चहातून गोळी घालायचा सल्ला दिला होता, तेही विचारलं. "अजिबात नको. एकदा कळलं की तो तुमच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही." मग त्यांनी तीन कामं लावली. किती तास झोपला, काय खाल्लं, किती पैसे उडवले हे रोज लिहून ठेवायचं. त्याच्याशी वाद घालायचा नाही. आणि सलग तीन रात्री जागला, जेवण सोडलं, मारायला धावला किंवा स्वतःच्या जिवाचं काही बोलला, तर पुढच्या मंगळवारची वाट न बघता बेळगावच्या सरकारी मोठ्या रुग्णालयात थेट न्यायचं. चिठ्ठीच्या मागं एक नंबर लिहून दिला, १४४१६. टेली-मानस. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत.

ती चिठ्ठी मी देवघरात ठेवली. चारच दिवसांत लागली.

५ ऑक्टोबर, शनिवार. नवरात्रातली तिसरी रात्र. भाऊ चार रात्री जागा होता. रात्री सव्वा वाजता त्यानं बाबांचे टाळ घेतले आणि अनवाणी बाहेर पडला. पंढरपूरला चालत निघालो म्हणाला, विठोबानं बोलावलंय, सकाळच्या काकड्याला पोचायचं. बाबा माळकरी आहेत. त्यांना त्या शब्दापुढं काही बोलता येईना, नुसते पावसात त्याच्या मागं चालत राहिले. पुलाजवळ चौघांनी त्याला धरलं. त्यानं एकाला ढकललं, तो पडला, आणि मग कोणीतरी गोठ्यातलं दावं आणलं. सोप्यातल्या खांबाला त्याला बांधलं. पंचवीस मिनिटं तो बांधलेला होता. वहीत वेळ लिहिलीय, १.५० ते २.१५. तो ओरडत नव्हता. "आक्का, मी काय केलं गे?" असं विचारत होता.

मी १४४१६ लावला. मराठी हवं म्हटल्यावर थोडं थांबावं लागलं, मग मराठी बोलणाऱ्या बाई आल्या. माझा आवाज फुटत होता. त्यांनी एकेक प्रश्न सावकाश विचारला. ताप आहे का? डोक्याला मार लागलाय का? दारू किंवा दुसरं काही घेतलंय का? हाताशी कोयता, विळा, फवारणीचं औषध आहे का? मग म्हणाल्या, आधी त्याला सोडा. गर्दी हटवा. त्याच्याशी एकाच माणसानं बोलायचं, ज्याचं तो ऐकतो त्यानं. पाणी द्या. विळे-कोयते आणि औषधाचे डबे दुसऱ्या घरी नेऊन ठेवा. आणि १०८ ला फोन करून आत्ताच मोठ्या रुग्णालयात न्या, आवरत नसेल तर ११२ वर पोलिसांची मदत मागा. बाबांनी दाव्याची गाठ सोडली. गाठ भिजली होती, सुटेना, शेवटी दातानं सोडली. मानसिक आजारी माणसाला साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साफ मनाई आहे, हे मला पुढं कळलं. त्या रात्री आमच्यापैकी कोणालाच ती गोष्ट चूक वाटली नव्हती, मलाही नाही. सोडलं तेव्हा त्याच्या मनगटावर वळ उठले होते.

११२ ला फोन केल्यावर दोन पोलीस आले. त्यातले हवालदार वयस्कर होते. त्यांनी काठी गाडीतच ठेवली, भावाशेजारी बसले आणि म्हणाले, "पंढरपूरला जायचंय व्हय? मग आधी बेळगावला जायाला पायजे की." भाऊ उठला आणि मामाच्या ओमनीत पुढच्या सीटवर जाऊन बसला. त्या माणसाचे उपकार आमच्या घरावर आहेत.

१०८ ला मात्र आम्ही फोन केलाच नाही. बाईंनी सांगूनही राहिलं, कारण मामा गाडी काढून उभे होते. मामांचा हट्ट, सरकारीत नको, शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात जाऊ. तिथं तपासणीचे १,५०० घेतले, मग कळलं की भरती करायची तर तीस हजार डिपॉझिट, आणि असा रुग्ण ठेवायला बेड नाही. तास-सव्वा तास गेला. भाऊ पार्किंगमध्ये गोल गोल चालत होता, हवालदार त्याच्याबरोबर चालत होते. पहाटे पावणेपाचला सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोचलो.

तिथं आधी साखर, ताप, बीपी बघितलं, डोकं तपासलं. मग इंजेक्शन दिलं आणि तो अकरा तास झोपला. मी त्याच्या नाकाशी हात धरून बघत होते. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी समजावलं की ही तातडीची मदत, ती ७२ तासांपर्यंत देता येते, पुढं ठेवायचं तर रीतसर भरती लागते. बाबांचा एकच प्रश्न होता, "शॉक देणार काय?" डॉक्टर म्हणाले, तातडीच्या उपचारात शॉक देत नाहीत, आणि पुढं कधी लागलाच तर भूल देऊन आणि संमती घेऊनच. बाबा त्यांच्या पायाला हात लावायला वाकले तर डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं.

सोमवारी, ७ ला, भरतीचे कागद झाले. भाऊ स्वतः निर्णय घ्यायच्या स्थितीत नव्हता, म्हणून त्या २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ खाली आधार देऊन केलेली भरती. दोन जणांनी त्याला वेगवेगळं तपासलं. ही भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची असते आणि रुग्णालयाला ती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवावी लागते. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. अर्जावर 'नामनिर्देशित प्रतिनिधी' म्हणून घरच्या कोणाची तरी सही लागते. बाबा पेन धरून थांबले. सही केली की पोरगं कायमचं वेडं ठरतं, सातबाऱ्यातून नाव जातं, लग्न होत नाही, असं त्यांच्या कानावर होतं. तसं काही नाही. प्रतिनिधी म्हणजे उपचाराच्या निर्णयात त्याला हात देणारा माणूस, जमीनजुमल्याशी त्याचा संबंध नाही. शेवटी मी सही केली. बरोबर न्यायचे कागद: दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड, जुन्या आजारांच्या चिठ्ठ्या असतील तर त्या, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. मी हे आणायला परत गावी गेले, अख्खा दिवस गेला. ती रोजची नोंदवही मात्र बरोबर होती आणि डॉक्टरांनी तीच सगळ्यात आधी वाचली.

आता जे लिहायचं म्हणून हा सगळा खटाटोप केला, ते.

वॉर्डातले तरुण डॉक्टर कानडी बोलणारे, विजापूरकडचे. चांगले होते, शांत होते. हिंदी थोडं यायचं. भावाला कामापुरतं कानडी येतं, फौंड्रीत चालतं तेवढं, पण त्या अवस्थेत त्याच्या तोंडून मराठीशिवाय काही निघेना. मी शाळेतली, माझं कानडी बरं आहे. मग पहिले चार दिवस मीच मधी उभी. डॉक्टर विचारणार, "निद्दी?" (झोप), मी सांगणार. "ऊटा?" (जेवण), मी सांगणार. मला वाटत होतं, देवानंच मला दोन भाषा दिल्या.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, याआधी असं काही झालं होतं का. मी म्हणाले, "इल्ल," म्हणजे नाही. भावाकडं वळून विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तो उशीत तोंड खुपसून म्हणाला, "गेल्या पावसात जीव नकोसा झालता गे." डॉक्टर माझ्याकडं बघत होते. मी कानडीत सांगितलं, तो बेजार झाला होता. आपल्याकडं बेजार म्हणजे त्रासून गेलेला, कानडीत बेजार म्हणजे उदास, कंटाळलेला. जीव नकोसा होणं यातलं कशातच बसत नाही. मला शब्द माहीत नव्हता असं नाही. बाबा शेजारी उभे होते, आई दाराशी होती, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी ते धुऊन, घडी घालून डॉक्टरांच्या हातात दिलं.

१० तारखेला, गुरुवारी, वॉर्डात एक नर्स ड्युटीवर आल्या, निपाणीकडच्या. सलाईन बघता बघता त्यांनी सहज विचारलं, "जेवलास काय रे?" भाऊ त्यांच्याकडं बघत राहिला आणि रडायला लागला. आल्यापासून पहिल्यांदा. मी पुढं झाले, तर त्यानं हात आडवा केला. "आक्का, तू जरा भाईर थांब."

मी व्हरांड्यात थांबले. पंचवीस मिनिटं. त्या नर्सनी नंतर त्याला विचारून डॉक्टरांना सांगितलं, आणि डॉक्टरांनी त्याला विचारून मला. आदल्या पावसाळ्यात तो दोन महिने खोलीवर भिंतीकडं तोंड करून पडून होता. कामावर जायचा, येऊन पडायचा. आम्ही त्याला आळस म्हणालो होतो. मी स्वतः फोनवर म्हणाले होते, "वयात आलेल्या माणसानं असं वागू नये." त्या दिवसांत त्याच्या मनात मरायचं येत होतं. भिशीतले नव्वद हजार उचलून मित्राला दिले होते, ते बुडाले होते. हे त्याला माझ्यासमोर सांगायचं नव्हतं. आणि मीच त्याची जीभ होते.

त्यानंतर उपचाराची दिशा बदलली. चढता आणि उतरता असे दोन्ही काळ असतील तर तो बायपोलर, द्विध्रुवी विकार, आणि त्याची औषधं त्याच हिशेबानं द्यावी लागतात. माझ्या 'इल्ल'मुळं चार दिवस डॉक्टरांसमोर अर्धाच माणूस होता. भाऊ घाबरला होता की जिवाचं बोललो तर पोलीस केस होईल. डॉक्टरांनी सांगितलं, विचार येणं हा गुन्हा नाहीच, आणि कोणी तसा प्रयत्न केला तरी २०१७ चा कायदा तो माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरतो, त्याला शिक्षा करत नाही.

म्हणून सीमाभागातल्या माझ्यासारख्या मोठ्या बहिणींना, भावांना, मुलांना हात जोडून सांगते. तुम्हाला कानडी येत असलं तरी निदान एकदा तरी घरच्या नसलेल्या मराठी माणसाला मधी घाला. नर्स, वॉर्डबॉय, शिकाऊ डॉक्टर, समाजसेवक, कोणीतरी मराठी बोलणारं बेळगावच्या प्रत्येक दवाखान्यात असतं. मागायला लाजू नका. भाषेचं राजकारण कोणी त्यात आणत नाही. मी मागितल्यावर त्या विजापूरच्या डॉक्टरांनी स्वतः रोज एकाला शोधून आणलं. आणि मधी बोलताना शब्द बदलू नका. ऐकवत नसेल तर बाहेर जा.

वॉर्डातले बाकीचे दिवस एकसारखे. रुग्णाजवळ घरचं एक माणूस लागतं, आई आणि मी आलटून पालटून राहिलो. कर्नाटकात बायकांना बस मोफत करणाऱ्या शक्ती योजनेमुळं आम्हा दोघींना बसचं शून्य तिकीट, बाबांचे तेवढे ६४० रुपये झाले. दोघांचं खाणं-चहा १९ दिवसांत ३,६०० ला पडलं. काही रक्ततपासण्या बाहेर कराव्या लागल्या, १,८५०. बाहेरून आणलेली औषधं २,१५०. ओमनीचं पेट्रोल १,२०० आणि ते खाजगीतले १,५००. देवर्षी धरून सगळे १५,२४०. साउंड सिस्टीम दुकानदारानं परत घेतली, सहा हजार कापून.

१६ ऑक्टोबरला तो इतका सावरला होता की डॉक्टरांनी त्याला विचारलं, आता तू स्वतःच्या इच्छेनं राहतोस का? त्यानं अर्ज वाचून घेतला आणि स्वतः सही केली. त्या दिवसापासून माझ्या सहीची गरज संपली. त्याला कागदाची झेरॉक्स हवी होती, आणून दिली.

औषधात मुख्य लिथियम. त्याबद्दल डॉक्टरांनी अर्धा तास दिला, कारण त्यांनी विचारलं, काम काय करतोस? फौंड्री म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. लिथियम शरीरात किती आहे हे रक्त तपासून बघावं लागतं, थोडं जास्त झालं तरी त्रास होतो. भट्टीजवळ घाम गेला, पाणी-मीठ कमी पडलं की ते वाढतं. म्हणून पाणी भरपूर, मीठ एकदम बंद करायचं नाही, अंग दुखलं म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणून खायची नाही. हात फार थरथरले, जुलाब-उलट्या झाल्या, तोल गेला, तर तडक दवाखाना. मूत्रपिंड आणि थायरॉईडची तपासणीही ठरावीक काळानं. आणि रात्रपाळी नको, झोप मोडली की आजार डोकं वर काढतो. एवढं नीट कोणी समजावल्यामुळं असेल, भावानं एकही गोळी आजवर चुकवलेली नाही.

ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, मला उशिरा कळलं, तुम्हाला आधी कळावं. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआय नंबर होता, कोणी लक्ष दिलं नव्हतं. आजारपणाच्या रजेत वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्गणीचे दिवस भरलेले असले तर. त्याला ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. कामगारांचा हक्क आहे तो, मानसिक आजारालाही आहे. मी तीन खेपा घातल्या. एकदा दाखल्यावरची तारीख चुकली, एकदा बँकेच्या पासबुकावरचं नाव जुळेना. पैसे डिसेंबरात जमा झाले. मालकाला आजाराचं नाव सांगावं का, यावर घरात आठवडाभर खल झाला. भावानं स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी त्याला भट्टीपासून लांब, कोअर बनवायच्या कामाला घेतलं, दिवसपाळीवर.

२५ ऑक्टोबरला, शुक्रवारी, घरी आलो. पंधरा दिवसांची औषधं आणि पुढची तारीख, १ नोव्हेंबर. त्या दिवशी बेळगावात कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, दोन्हींच्या मिरवणुका, रस्ते बंद, शिवाय दिवाळी. विनंती केल्यावर ५ तारखेचा मंगळवार, आमच्याच तालुक्याच्या दवाखान्यात, असं लिहून दिलं. डिस्चार्जचा कागद लॅमिनेट करू नका, मागच्या बाजूला पुढच्या नोंदी लिहितात. मी केला होता.

घरी आलो तर भात कापणीला आलेलं, आणि आमच्याकडं हात नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चौदा माणसं विळे घेऊन बांधावर उभी. पैरा म्हणून आलो म्हणाले, आमच्या वेळी तुम्ही या. त्यात दावं आणणारा पण होता. भाऊ त्याला चहा द्यायला गेला. दोघं काही बोलले नाहीत, नुसते शेजारी बसून चहा प्याले. गावात बोलणं झालंच. धारवाडला मनोरुग्णालय आहे, म्हणून आमच्याकडं कोणाचं डोकं फिरलं की 'धारवाडला धाडा' म्हणतात, तसं "ह्याला धारवाडला धाडलेलं" असं पसरलं. आई आधी प्रत्येकाला खुलासा करायची. मग भाऊच म्हणाला, "नको सांगूस. धारवाडला बी दवाखानाच हाय की."

वाट सरळ गेली नाही. जानेवारीत तो तीन आठवडे खाली गेला, पुन्हा भिंतीकडं तोंड. या वेळी आम्ही आळस म्हणालो नाही, पुढच्या मंगळवारी गेलो, औषध बदललं. मार्चमध्ये जत्रेनंतर जुलाब झाले आणि चमच्यातली आमटी सांडण्याइतके हात थरथरायला लागले. त्या दिवशी मात्र १०८ ला फोन केला. लिथियम वाढलं होतं, डॉक्टरांनी थांबवून पुन्हा कमी मात्रेत सुरू केलं. तालुक्याला कधी एखादी गोळी संपलेली असते, म्हणून आम्ही औषधं संपायच्या आठ दिवस आधीच फोन करून विचारतो.

फेब्रुवारीत त्यानं एका साध्या कागदावर लिहून सही केली की पुन्हा कधी वेळ आली तर माझी प्रतिनिधी आक्का. कायद्यानं साधा कागद आणि सही चालते. त्याखाली त्याची स्वतःची तीन वाक्यं आहेत. दावं नको. खाजगीत नेऊ नका. मराठी बोलणारं माणूस द्या, पण आक्का नको. त्यानं मला वाचून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी म्हणाले, बरोबर लिहिलंस.

२०२५ ची आषाढी ६ जुलैला झाली. बाबा पंढरपूरला गेले. भाऊ गेला नाही. गर्दीत, जागरणात झोप मोडेल, कार्तिकीला बघू, असं त्यानं त्याचं ठरवलं. ८ तारखेला मंगळवार होता, दवाखान्याचा दिवस. आता तिथल्या बाईडॉक्टर कानडीच आहेत, पण भाऊ त्यांच्याशी मोडक्या कानडीत, अडलं तर मराठीत बोलतो, आणि समुपदेशक मराठी आहेत. आमच्या पुढं अकरा नंबर होते. साडेअकराला त्याचं नाव पुकारलं. मी सवयीनं उठले, पिशवीतून फाईल काढली. त्यानं ती माझ्या हातातून घेतली, आत गेला आणि दार ओढून घेतलं. मी परत बाकावर बसले. शेजारी एक बाई बसली होती, नंदगडकडची, बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी. पहिल्यांदाच आलेली दिसत होती, हातातला कागद उलटसुलट करत होती. मी सरकून तिला जागा दिली आणि विचारलं, "झेरॉक्स आणल्यात काय?"